मेस्त गेला, मोतेत थांबले

१९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ प्रदर्शित झाला आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव घराघरात पोचलं. पडद्यावर ते अमिताभ बच्चनच्या तोंडी होतं; संगीतकार प्यारेलाल यांच्यासाठी मात्र ती गुरुदक्षिणा होती. खरे अँथनी गोन्साल्विस हे त्यांचे व्हायोलिनचे गुरू. १९२७ साली गोव्यात, सासष्टीतल्या माजोर्डा गावी त्यांचा जन्म झाला. वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंद सांभाळत आणि मुलाला सूर, स्वरलिपी, व्हायोलिन यांची ओळख झाली ती त्यांच्याकडूनच. विशीच्या आत तो मुंबईला आला, नौशाद यांच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात त्याने भारतीय रागांवर बांधलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. २०१२ साली गोन्साल्विस गोव्यातच वारले.

ही कथा आपल्याकडे नेहमी सिनेमाची म्हणून सांगितली जाते. तिचा पहिला अर्धा भाग चर्चचा आहे आणि तो सांगायचा राहून जातो. हिंदी चित्रपटांच्या सुवर्णकाळात स्टुडिओत स्वरलिपी वाचून व्हायोलिन, ट्रम्पेट, चेलो वाजवणारे जे असंख्य गोवेकर होते, त्यांतले बहुतेक गावच्या चर्चच्या शाळेत तयार झाले होते. तिथे शिकवणारा असायचा तो मेस्त. सकाळी मुलांना धर्मशिक्षण, मग दो-रे-मी, मग व्हायोलिनवर बोट कुठे ठेवायचं ते; रविवारी त्याच मुलांना घेऊन चर्चच्या दारावरच्या लाकडी सज्जात, म्हणजे कोरावर, उभं राहायचं. लग्न, बारसं, मयत, नोव्हेना, फेस्त, प्रत्येक प्रसंगाचं गाणं त्याला ठाऊक असे. नव्या रचना तो स्वतः करी, जुन्या हाताने उतरवून घेई.

कॅथलिक चर्चमधली पारंपरिक उपासना हरवली, असं म्हटलं की जगभर वाद होतो तो लॅटिन मिस्साचा, म्हणजे लॅटिनमधून चालणाऱ्या वेदीवरच्या मुख्य उपासनेचा. रोमने काय बदललं, कोणत्या पोपने काय मोकळं केलं आणि कोणी पुन्हा बंद केलं, यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. गोवा, वसई, मुंबईची गावठाणं आणि नगरकडचा घाट यांच्याकडे पाहिलं तर प्रश्न वेगळा दिसतो. इथे जे गेलं त्यातलं पुष्कळसं कोणाच्या फर्मानाने गेलंच नाही. ते शिकवणारा माणूस गेला, आणि त्याच्या जागी कोणाला नेमायचं सुचलं नाही.

जे गेलं किंवा जाऊ घातलंय ते कसं होतं, ते आधी पाहिलं पाहिजे.

गोव्यात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांना कोरेज्म म्हणतात. या दिवसांतल्या रविवारी संध्याकाळी ‘सांत पास’ होतात. वेदीच्या जागी पडदा असतो. पाद्री प्रवचन देतात, ख्रिस्ताच्या दुःखभोगातला एकच प्रसंग घेऊन: बागेतली प्रार्थना, चाबकाचे फटके, काट्यांचा मुकुट. प्रवचन टिपेला पोचतं तेव्हा पडदा बाजूला होतो आणि तोच प्रसंग मूर्तींमधून समोर उभा राहतो. त्या क्षणी कोरावरून मोतेत सुरू होतो. दोन किंवा तीन आवाजांत बांधलेली, संथ, शब्द थोडे आणि सूर लांबवर नेणारी अशी ही रचना. साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि माणसाच्या उंचीचा डबल बास. शब्द कधी लॅटिन, कधी कोकणी. गुड फ्रायडेला खुरसावरच्या, म्हणजे क्रुसावरच्या, मूर्तीचे खिळे काढले जातात, सांध्यांत फिरणारे तिचे हात हलकेच खाली येतात आणि मूर्ती पालखीसारख्या शवपेटीत ठेवली जाते. मिरवणूक निघते. वाटेत व्हेरोनिका झालेली मुलगी उंच जागी उभी राहून एकटीने लॅटिन गाते आणि गाताना हातातलं कापड इंचाइंचाने उलगडत जाते. त्यावर ख्रिस्ताचा चेहरा असतो. त्या दोन-तीन दिवसांत चर्चच्या घंटा मुक्या असतात. त्यांच्याऐवजी मात्राका वाजते, लाकडी फळीवर लोखंडी कड्या आपटणारी. तिच्या कोरड्या खडखडाटाने गावाला कळतं की आज गावात मयत आहे.

हे सगळं पोर्तुगालहून आलं, खरं आहे. पण मोतेतांच्या सुरावटी गोव्यात बांधल्या गेल्या, गोव्याच्या मेस्तांनी आणि पाद्रींनी. लोटलीच्या रायमुंद बार्रेतो यांनी एकोणिसाव्या शतकात संत फ्रान्सिस झेवियरवर केलेलं कोकणी गीत आजही डिसेंबरात जुन्या गोव्याच्या फेस्ताला हजारो माणसं तोंडपाठ म्हणतात. चार शतकांत परकं काय आणि आपलं काय हे वेगळं काढता येऊ नये इतकं ते एकजीव झालं होतं.

मग रोममध्ये महासभा भरली.

दुसरी व्हॅटिकन महासभा १९६२ ते १९६५ चालली. उपासनेवरचा तिचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत झाला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले, आंतरराष्ट्रीय युखॅरिस्टिक काँग्रेससाठी. भारताच्या भूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. १९६९ साली त्यांनीच नव्या मिस्साचा विधी जारी केला आणि त्या वर्षीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून तो लागू झाला. पाद्री लोकांकडे तोंड करून उभे राहिले, भाषा लोकांची झाली. मयताच्या मिस्सातला काळा झगा मागे पडला. वेदीपुढचा कठडा, ज्याच्यापाशी गुडघे टेकून माणसं जिभेवर ख्रिस्तप्रसाद घेत, पुष्कळ ठिकाणी उखडला गेला.

यातलं किती महासभेने सांगितलं होतं? त्या दस्तऐवजाचं कलम ३६ लॅटिन भाषा जपावी असं सांगतं आणि लोकभाषेला वाव देतं. कलम ५४ म्हणतं की भाविकांना त्यांच्या वाट्याचे भाग लॅटिनमध्येही म्हणता यावेत. कलम ११४ पवित्र संगीताचा ठेवा अतिशय काळजीने जपायला आणि गायकवृंद वाढवायला सांगतं. ११६ ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान देतं. ११९ तर मिशनच्या प्रदेशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेची कदर करायला सांगतं. म्हणजे जपा, वाढवा, शिकवा हे कागदावर होतं. गावागावांत पोचली ती फक्त बदलाची बातमी.

तरीही या बदलाला शिव्या देणाऱ्यांनी वसईत येऊन पाहावं. १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली, १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती घेतली. किल्ल्यातली चर्चं ओस पडली आणि त्यांच्या घंटा मराठी मुलुखात वाटल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रचंड घंटा प्रसिद्धच आहे, पुणे जिल्ह्यात भीमाशंकरलाही वसईची घंटा आहे. पण किल्ल्याबाहेरच्या शेतकरी-बागायतदारांनी आपला धर्म आणि आपली कादोडी, वाडवळी बोली दोन्ही टिकवली. राज्य पेशव्यांचं, मग इंग्रजांचं आलं. चर्चवरचा पोर्तुगीज हक्क मात्र १९२८पर्यंत चालू होता. शेतात मराठी, देवापुढे पोर्तुगीज आणि लॅटिन. मिस्सा चालू असताना बाकांवर माणसं रोजरीचे मणी ओढत बसत, कारण वेदीवर काय म्हटलं जातंय ते कळायला मार्ग नव्हता. अशा गावाला १९६०नंतर मराठी मिस्सा मिळाली. १९५५ साली सुरू झालेल्या ‘सुवार्ता’ मासिकाने तिच्यासाठी मन तयार केलं होतं. पुढे त्याच मासिकाचे संपादक झालेले नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणलं, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते वारले. मराठी मिस्सा नसती तर हे घडलं नसतं. लॅटिन गेल्याचं दुःख वसईला गोव्याइतकं का झालं नाही, याचं उत्तर इथे आहे: वसईने काही गमावलं, पण बदल्यात स्वतःची भाषा मिळवली.

आणि तरी मराठी उपासना वसईत किंवा गोव्यात १९६०ला जन्मली असं समजणं चूक आहे. तिची खरी हानी फार आधी झाली होती.

इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आला. सासष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांनी पुराणं मागितली, आणि त्याने त्यांना अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ दिलं. १६१६ साली ते रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या आज शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना माहीत आहेत; पण हा ग्रंथ पाठ्यपुस्तकासाठी लिहिलेला नव्हता. तो मोठ्याने म्हणायचा, ऐकायचा, गावाने एकत्र बसून भिजायचा ग्रंथ होता. वसईच्या बाजूला असंच दुसरं पुराण होतं, फ्रान्सिस्को व्हाज द गिमारायंश या पाद्रीचं. उत्तर कोकणच्या बोलीतलं, ख्रिस्ताच्या दुःखभोगावरचं हे पुराण १६५९ साली लिस्बनला छापलं गेलं आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापावं लागलं, इतकं ते लोकांच्या तोंडी होतं.

१६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला: तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. भाषा काही सुटली नाही. पण ज्या चर्चने स्टीफन्सला ओव्या लिहायला बसवलं होतं, तिथे ओव्यांची जागा आक्रसत गेली. ‘क्रिस्तपुराण’ टिकलं ते गोवा सोडून दक्षिणेला गेलेल्या कुटुंबांत. १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापलं तेही मंगळुरूला. सतराव्या शतकातल्या त्याच्या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकाचीही प्रत आज हाती नाही. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली तेव्हा मराठी अभ्यासकांना ग्रंथ मिळाला. म्हणणारे गळे मिळाले नाहीत. ज्यांना परंपरा परत हवी आहे त्यांनी फक्त लॅटिन मागू नये, हे इथे स्पष्ट बोललं पाहिजे. कॅथलिक चर्चमध्ये ओवी म्हणणं ही मराठी मुलखाची साडेतीनशे-चारशे वर्षांची परंपरा आहे, आणि तिच्यासाठी आजवर कोणी रोमला अर्ज केलेला नाही.

अर्ज करणारे जगात होते. १९७१ साली इंग्लंडमधल्या लेखक-कलावंतांनी जुनी मिस्सा वाचवा असं निवेदन पोपकडे पाठवलं. सह्या करणाऱ्यांत अगाथा क्रिस्टी होत्या, ज्या कॅथलिकही नव्हत्या. परवानगी मिळाली. जुन्या मिस्साचा आग्रह धरणारे फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९८८ साली रोमला न जुमानता चार बिशपांना दीक्षा दिली आणि ते बहिष्कृत झाले. त्यांच्या संघाचं भारतातलं केंद्र तमिळनाडूत पाळयंकोट्टैला आहे. २००७ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जुन्या मिस्सासाठी वाट मोकळी केली; १६ जुलै २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा आवळून बिशपांच्या हाती दिली. युरोप-अमेरिकेत यावरून घरं फुटली. आपल्याकडे सामान्य धर्मग्रामात त्याची फारशी चर्चाही झाली नाही.

आपल्याकडचं भांडण निराळंच होतं. १९६९ साली भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमने बारा भारतीय रीतींना मान्यता दिली: गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून लवणं, पादत्राणं काढून जमिनीवर बसणं, मेणबत्तीऐवजी समई, आरती, झग्याऐवजी साधं अंगवस्त्र. बेंगळुरूच्या केंद्रातून फादर अमलोरपवदास यांनी त्यांचा पुरस्कार केला. मुंबईच्या इंग्रजी बोलणाऱ्या कॅथलिकांत यावरून मोठं वादळ उठलं, चर्चचं हिंदूकरण चाललंय असा आरोप झाला. व्हिक्टर कुलंदै यांनी १९८५ साली तसं पुस्तकच लिहिलं. दोन्ही बाजूंचं एक चुकलं. आरती आणणाऱ्यांनी ती वरून आणली, आणि विरोध करणाऱ्यांना वाटलं की आधीचं सगळं रोमचं आणि शुद्ध होतं. घाटावर, नगर जिल्ह्यातल्या केंदळ, राहुरी, संगमनेरकडच्या खेड्यांत, जमिनीवर बसून टाळ-पेटीवर भजन म्हणणाऱ्या कॅथलिकांना दोघांनीही विचारलं नाही. तिथे जर्मन जेझुइटांनी १९०३ सालीच ‘निरोप्या’ हे मराठी मासिक काढलं होतं. बारामती-इंदापूर ओलांडून सोलापूरपर्यंत पसरलेल्या तेव्हाच्या पुणे धर्मप्रांताच्या या मराठी बाजूने खाली बसण्यासाठी रोमच्या पत्राची वाट पाहिलेली नव्हती. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात लोटणारी गर्दी आजही देवाकडे जाते ती यात्रेला जावं तशी.

मुंबईच्या गावठाणांत नुकसान डोळ्यांना दिसतं. १८९६ साली प्लेग आला तेव्हा माझगावची माथारपाखाडी, गिरगावची खोताची वाडी, वांद्र्याचं रानवर अशा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथलिकांच्या, वस्त्यांनी रस्त्याकडेला खुरीस उभारले, जुने होते ते सजवले. संध्याकाळी सगळी गल्ली तिथे जमे. मेमध्ये फुलांच्या माळा, मेणबत्त्या, मरियेची लितानी. एकाने नाव घ्यायचं, बाकीच्यांनी ‘ओरा प्रो नोबिस’ म्हणायचं, शेवटी उकडलेले चणे वाटायचे. गोव्यात यालाच लदीन म्हणतात, आणि व्हायोलिनवाल्याशिवाय ती पूर्ण होत नसे. खुरीस बरेच अजून आहेत. पण लितानीला गल्ली लागते, आणि गल्लीच्या जागी उंच इमारती आल्या की खुरीस आवारात उरतो, म्हणणारे चौदाव्या मजल्यावर जातात. इथे चर्चचं कोणतंही धोरण आड आलेलं नाही. जमिनीचे भाव आड आले.

गोव्यात मेस्त का गेला, यालाही असंच साधं कारण आहे. पोट. चर्च देई त्यात घर चालत नसे. बॉम्बेचे क्लब, जहाजांवरचे बँड, लष्कराचे बँड, मग सिनेमा. ज्याला स्वरलिपी येई त्याला बाहेर पैसा होता. १९६१ साली पोर्तुगीज राजवट संपल्यावर शिक्षणाची सगळी घडी बदलली, मुलं सरकारी आणि इंग्रजी शाळांत गेली, चर्चच्या संगीतशाळा ओस पडल्या. नव्या कोकणी मिस्सासाठी फादर वास्को द रेगो यांच्यासारख्यांनी खरोखर सुंदर गीतं दिली, ‘गायनांचो झेलो’ हे गीतपुस्तक घरोघर गेलं. सगळ्या लोकांनी मिळून गायचं हा नवा दंडक होता आणि तो चांगलाच होता. पण सगळ्यांनी गायचं म्हणजे तीन आवाजांत गाणाऱ्या सहा जणांची गरज नाही, असा अर्थ काढला गेला. गिटार आली, मग रिदम लावलेला कीबोर्ड आला, त्याला शिकायला मेस्त लागत नाही.

जुनं ते सगळं सोनं होतं असंही नाही. गोव्याच्या चर्चमधल्या कोंफ्रारिया, म्हणजे झगे घालून मिरवणुकीत पुढे चालणाऱ्या बंधुसंघांत, जातीने जागा ठरत. कुंकळीच्या चर्चमध्ये फेस्त साजरं करण्याच्या हक्कावरून गावकर आणि इतर यांच्यातला तंटा वर्षानुवर्षं चालला. देवाच्या दारात कोणाला झगा मिळणार आणि कोणाला नाही हे जन्मावर ठरवणारी परंपरा मोडली तर तिच्यासाठी अश्रू ढाळू नयेत. पण त्या कोंफ्रारियेचा दोष मोतेताच्या माथी मारण्याचं कारण नाही.

वसईपुढचा आजचा प्रश्न तर अधिक जवळचा आहे. ज्या मराठी मिस्सासाठी दोन पिढ्या झटल्या, तीच आता जुनी होत चालली आहे. मुलं इंग्रजी शाळेत शिकतात, प्रार्थना इंग्रजीत पाठ करतात, आणि आजीबरोबर मराठी मिस्साला बसली की गाण्याच्या पुस्तकातली देवनागरी अडखळत वाचतात. मुंबईतल्या कित्येक ईस्ट इंडियन घरांत हे कधीच होऊन गेलं आहे. तिथे मराठी बोली लग्नातल्या गाण्यांपुरती उरली, चर्चमध्ये इंग्रजी. वसईत अजून वेळ गेलेली नाही. तिथे मराठी मिस्साला बाक भरलेले असतात, तिथल्या तरुण गायकवृंदांना पेटी-तबल्याची साथही परकी नाही. १९९८ साली मुंबईपासून वेगळा झालेला वसई धर्मप्रांत मराठी भाषकांच्या बळावर उभा आहे. त्याने लोकांना मुलांच्या शाळेचं माध्यम सांगावं अशी अपेक्षा करता येणार नाही. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात ‘क्रिस्तपुराणा’च्या पन्नास ओव्या चालीवर शिकवाव्यात, एवढी नक्कीच करता येते.

गोव्यातही सगळं संपलेलं नाही. गोवा वेल्हाला कोरेज्मातल्या पाचव्या आठवड्याच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक अजून निघते, खांद्यावर एकामागून एक, आणि ती पाहायला पूर्ण गोवा लोटतो. रायतूरच्या सेमिनरीत संगीताची परंपरा आहे. महोत्सवांतून मोतेत ऐकायला मिळतात, तिकीट काढून आलेले लोक टाळ्या वाजवतात. ते ऐकून बरं वाटतं आणि अस्वस्थही व्हायला होतं, कारण मोतेतानंतर टाळी नसते. पडद्यामागची मूर्ती समोर असते आणि माणसं गुडघ्यावर असतात.

मेस्तांनी हाताने उतरवलेले कागद गोव्याच्या जुन्या घरांत, पेट्यांत, पोटमाळ्यांवर आहेत. दमट हवा आणि वाळवी त्यांचं काम करत असते. ते कागद गोळा करून त्यांची छायाचित्रं घेणं हे काम एखाद्या धर्मप्रांताने आणि एखाद्या विद्यापीठाने मिळून मनावर घेतलं तर काही वर्षांत होऊ शकेल. नंतरचं काम धर्मग्रामाचं. एक मोतेत गायला दोन किंवा तीन आवाज लागतात, दोन व्हायोलिनं, एक क्लॅरिनेट, एक डबल बास, स्वरलिपी वाचणारा एक माणूस आणि त्याचा महिन्याचा पगार. डिसेंबरात नाताळची धांदल संपली की तालमींना बसावं लागेल, म्हणजे कोरेज्माच्या पहिल्या रविवारपर्यंत आवाज जुळतात.